नाशिकला एका दिवसात साहित्याशी नातं असलेलं काय काय पाहता येईल?

सकाळी मिसळ खाऊन आधी गोदाघाट. पूर किती चढलाय हे आम्ही नाशिककर ज्याच्या अंगावरच्या पाण्यावरून ओळखतो, तो दुतोंड्या मारुती तिथंच. मग सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० सालचं. पुस्तकं आवडत असतील तर इथून पाय निघत नाही. कॉलेज रोडचं एचपीटी कॉलेज बाहेरून पाहिलंत तरी चालेल. कुसुमाग्रज तिथं शिकले, वसंत कानेटकरांनी तिथं शिकवलं. खरा वेळ मात्र गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकासाठी राखा. कुसुमाग्रज म्हणजे १९८७च्या ज्ञानपीठाचे मानकरी, आमचे तात्यासाहेब. जमलं तर २७ फेब्रुवारीला, त्यांच्या जयंतीलाच या. सावरकरांचं जन्मगाव भगूर दुसऱ्या दिवसावर ठेवा, घाईत होणार नाही.