50 टक्के एनसीबी असूनही प्रीमियम अर्धा का होत नाही, आणि गाडी विकली तर ती सूट जाते का?

तुमचा प्रश्न असा की पाच वर्षं एकही क्लेम नाही, एजंट 50 टक्के नो क्लेम बोनस (हाच एनसीबी, क्लेम न घातल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) म्हणतो पण भरायची रक्कम काही अर्धी झाली नाही, वर म्हापशाच्या बाजारात बंपर घासला त्याचा 3,500 चा क्लेम घालावा का, आणि ही गाडी विकून नवी घेताय तर ती सूट नक्की कोणाची. मी फोंड्याजवळ राहतो, घरातल्या गाड्यांच्या पॉलिसी बरीच वर्षं मीच बघतो आणि यातली एक चूक करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॉलिसीचा कागद काढून बघा, त्यात ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी असे दोन वेगळे आकडे असतात. एनसीबी मिळतो तो फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग आहे त्यावर. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा विमा. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला जून 2022 मध्ये ठरलेला दर वर्षाला 3,416 रुपये, तुम्ही पाच वर्षं क्लेम केला नाही की पन्नास वर्षं, त्यात एक रुपया कमी होत नाही. आता समजा ओन डॅमेज 8,000 आहे, तर त्याचे झाले 4,000, त्यात 3,416 मिळवा, वर 18 टक्के जीएसटी, साधारण 8,750 होतात. एनसीबी नसता तर हेच 13,470 च्या आसपास गेलं असतं. म्हणजे एकूण रकमेवर सूट पडते 35 टक्के. एजंट खोटं बोलत नाही, फक्त अर्धंच सांगतो.

सूट चढते अशी: पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50, त्याच्यावर जात नाही. पण उतरताना पायऱ्या नाहीत, एक क्लेम घातला की पुढच्या रिन्युअलला सरळ शून्य (एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन, म्हणजे वेगळे पैसे भरून घ्यायचं जादा कवच, घेतलेलं असेल तर गोष्ट वेगळी).

माझी चूक इथेच झाली. चवथीला आठ दिवस होते, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळत नव्हता म्हणून नारळ काढायचे राहिले होते, आणि गाडी माडाखाली. रात्री वाऱ्याने एक नारळ पडला तो बॉनेटवर आपटून हेडलाइटवर. सकाळी बघतो तर बॉनेटला वाटीएवढा खड्डा आणि हेडलाइटची काच अंगणभर. गॅरेजवाला म्हणाला, "इन्शुरन्स आसा न्हय, घाल क्लेम." मी घातला. बिल झालं 8,300. त्यात हेडलाइट 3,800 चा, प्लास्टिक म्हणून त्याचे अर्धे पैसे कापले, रंगाच्या मटेरियलचे थोडे कापले, 1,000 रुपये सक्तीचे आपल्या खिशातून, झीरो डेप (पार्ट जुने म्हणून होणारी अशी कपात टाळणारं अॅड-ऑन) मी घेतलं नव्हतं, शेवटी कंपनीने दिले 4,900. तेव्हा माझा एनसीबी 45 वर होता आणि दोन महिन्यांनी 50 होणार होता.

आता हिशोब बघा, हा मी नंतर केला, आधी करायला हवा होता. पहिल्या वर्षी 50 च्या जागी शून्य, दुसऱ्या वर्षी 50 च्या जागी 20, मग 25, मग 35, मग 45. फरक जोडले तर 50 अधिक 30 अधिक 25 अधिक 15 अधिक 5, म्हणजे 125 टक्के. तुमचा ओन डॅमेज प्रीमियम 8,000 धरला तर पाच वर्षांत 10,000 जातात आणि जीएसटी धरून 11,800. गाडी जुनी होते तसा प्रीमियम थोडा उतरतो, तेव्हा आकडा जरा कमी येईल, पण 4,900 साठी हा सौदा नव्हताच. म्हणून तुमच्या बंपरच्या 3,500 चा क्लेम मुळीच घालू नका, गॅरेजला पैसे देऊन मोकळे व्हा. मोठं काही झालं, गाडी पुरात बुडाली किंवा समोरून चेपली, तर मात्र एनसीबीचा विचार करत बसू नका, विमा त्यासाठीच आहे.

लोकांना राग येतो ती गोष्ट म्हणजे चूक दुसऱ्याची असली तरी तुमच्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा क्लेम घातला की सूट जाते. नाव नो क्लेम आहे, नो फॉल्ट नाही. तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं आणि फक्त थर्ड पार्टी क्लेम आला तर एनसीबीला धक्का लागत नाही.

आता विक्रीचं. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आमच्या भावोजींनी डिचोलीत गाडी विकली आणि पॉलिसी तशीच घेणाऱ्याच्या हातात दिली, त्याला वाटलं 50 टक्के सूटही गाडीबरोबर मिळाली. तसं नसतं, त्याला सुरुवात शून्यापासूनच. तुम्ही फॉर्म 29 आणि 30 (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) च्या कॉपी देऊन आपल्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र लेखी मागून घ्या, ते 3 वर्षं चालतं. नवी गाडी घेताना शोरूमवाला विमा आपणच करून देतो म्हणतो आणि एनसीबीचं विचारतही नाही, पत्र आपण पुढे करायचं. नव्या गाडीचा ओन डॅमेज 16,000 आला तर पहिल्याच वर्षी 8,000 वाचतात. फक्त कारचा एनसीबी कारलाच लागतो, घरच्या स्कूटरला नाही, तिचा हिशोब तिचा वेगळा.

आणि एजंट "50 लिहून टाकूया" म्हणाला आणि प्रत्यक्षात तेवढा हक्क नसेल तर सही करू नका. त्या कागदावर लिहिलेलं असतं की माहिती चुकीची निघाली तर ओन डॅमेजचे सगळे लाभ रद्द. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, आणि नेमका मोठा क्लेम आला की हे बाहेर येतं.

रिन्युअलची तारीख मात्र चुकवू नका. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की जमवलेला 50 टक्के गेला, आणि मधल्या दिवसांत थर्ड पार्टीसुद्धा नसतो, पोलिसांनी धरलं तर पहिल्यांदा 2,000 दंड. तुमची गाडी विकायची म्हणून उभी असली तरी नाव ट्रान्सफर होईपर्यंत पॉलिसी चालू ठेवा, आणि पत्राचा अर्ज पैसे घेतल्यावर त्याच आठवड्यात द्या, भावोजींना नंतर घेणाऱ्याकडून कागद मिळवायला वाळपईला तीन खेपा माराव्या लागल्या.