देवापुढे रडू येत नाही, म्हणजे भक्ती आटली का?

श्रावण सरता सरता एक तक्रार माझ्याकडे हमखास येते : देवापुढे उभं राहिलं तरी आतून काहीच हलत नाही. यंदा ती घेऊन आल्या अमळनेरकडच्या, पन्नाशीतल्या एक बाई. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.)

त्यांच्या घरी कानबाईचे रोट असतात, म्हणजे खानदेशातल्या या देवीचा श्रावणातला सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी तिला नदीवर पोचवायचं. कानबाई डोक्यावर घेऊन निघालं की बाईंचे डोळे दरवर्षी वाहायचे. यंदा कोरडे ठाक. "ताई, मन्हा डोयामा पानीच येत नही," म्हणताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणं चाललेलं. जाऊ म्हणाली, कानबाई रुसली. ते मनाला लागलं.

बोलता बोलता कळलं, नैराश्याची गोळी काही महिन्यांपासून सुरू आहे. झोप लागते, जेवण जातं. पण नातीच्या बारशालाही असंच कोरडं वाटलं होतं. मी इथे थबकले. देवघरात जे आटलं होतं, ते पाळण्यापाशीही आटलेलं होतं.

नैराश्यावर देतात त्या एसएसआरआय नावाच्या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या भावना बोथट होतात. दुःख बोचत नाही, तसा आनंदही उसळत नाही. नैराश्यातही असं होतं, त्यामुळे नेमकं कशामुळे, हे डॉक्टरांनीच बघायचं. बाई मात्र कानबाईसाठी गोळी सोडायच्या बेतात होत्या! एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, शिवाय आजार उलटायची भीती. आधी ते थांबवलं.

धार्मिक भावनांचा वेगळा झरा नसतो, देवाची भीती ही भीतीच आणि देवावरचं प्रेम हे प्रेमच, असं विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली मांडलं. आपल्याकडच्या अष्टसात्त्विक भावांतही, म्हणजे भाव दाटला की अंगावर उमटणाऱ्या आठ खुणांतही, अश्रू, रोमांच, कंप, घाम आहेतच. सगळी शरीराचीच कामं. शरीर औषधाखाली असेल तर तीही मंदावणार.

बाईंना मी एवढंच विचारलं, "यंदा रोटांचं कोणी केलं?"

"मीच. सव्वाच्या मापाचे गहू निवडले, उपास धरला. न करून कसं चालेल?"

"रडू येत नसताना?"

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे जावेला सांगा ना तुम्ही."

मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली, त्यांनी डोस थोडा कमी केलाय. पुढच्या भेटीला जाऊबाईही येणार आहेत.