आधी त्याला बोलू दे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मशीन शॉपची जबाबदारी तुझ्याकडे आली हे ऐकून फार बरं वाटलं. मार्चअखेरीस प्रत्येकाला समोर बसवून 'पुढच्या वर्षाचं काय' हे विचारायचं तुला दडपण आलंय, म्हणून लिहितो आहे.

पगारवाढीचं बोलणं आणि ध्येयाचं बोलणं एकाच बैठकीत उरकू नकोस. वाढीचा आकडा डोक्यात असला की माणूस ऐकत नाही, आपली बाजू मांडत राहतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने हे आपल्याच कंपनीत तपासून पाहिलं आणि निष्कर्ष १९६५ साली छापले गेले: साहेबांनी उणिवा काढल्याने काम सुधारलं नाही, नेमकं उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवलं तिथे सुधारलं. इतक्या वर्षांनीही आपल्याकडे वर्षातून एकदा, अर्ध्या तासात दोन्ही गुंडाळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता समोर कोण बसेल बघ. आयटीआय झालेला ऑपरेटर, कित्येक वर्षं त्याच सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर. तू विचारशील, "पुढे काय करायचं मनात आहे?" तो म्हणेल, "मॅडम, तुम्ही सांगाल ते." इथेच बहुतेक साहेब सांगायला सुरुवात करतात. तू गप्प बस. मग साधं काहीतरी विचार: गेल्या महिन्यात कुठलं काम करताना घड्याळाकडे बघायचं राहून गेलं? थोड्या वेळाने तो सांगेल, "त्या दिवशी सेटर आला नव्हता. इन्सर्ट बदलला, ऑफसेट मीच घातला. पहिला पीस पास झाला." म्हणजे मशीन नव्या कामासाठी लावून देणारा सेटर नसताना कापणारं टोक बदलून, मशीनला त्याचं माप त्याने स्वतःच दिलं. हे सांगताना त्याचा आवाज बदलतो, तो ऐक. त्याला सेटर व्हायचंय, फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पण 'सेटिंग शिकणे' एवढंच फॉर्मवर लिहून सोडू नकोस. काय येतं, कुठे अडतं, हे त्याच्याच तोंडून काढ. ड्रॉइंग वाचता येतं, पण फिक्स्चर (पार्ट पकडून ठेवणारी जोडणी) बदललं की गोंधळ होतो, असं काहीतरी निघेल. मग ठरवा: जूनअखेर या दोन पार्टचं सेटिंग एकट्याने, पहिला पीस इन्स्पेक्शनला पास. नेमकेपणाने किती फरक पडतो, याचं ओक्लाहोमातल्या लाकूडवाहू ट्रकचालकांचं उदाहरण मला फार आवडतं. ट्रकमध्ये कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरला जायचा. त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं, जमलं नाही तर शिक्षा नाही असं सांगितलं, जादा पैसेही दिले नाहीत. नऊ महिन्यांत भरणा ९० टक्क्यांच्या आसपास गेला. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते तुझ्या वाट्याचं काम. सेटिंग शिकायला त्याला मशीन मोकळं मिळायला हवं, शेजारी सेटर उभा राहायला हवा, आणि नेमकं त्याच आठवड्यात डिस्पॅचचा तगादा असतो. ते तास प्लॅनिंगकडून तू मागून आणायचे. देता येणार नसतील तर ते ध्येय कागदावर घेऊच नकोस, त्याला तसं तोंडावर सांग. कागदावर लिहून वर्षभर मशीन न मिळालेला माणूस पुढच्या मार्चमध्ये पुन्हा "तुम्ही सांगाल ते" म्हणतो, आणि या वेळी ते मनापासून म्हणतो.

रिटायरमेंटला आलेले म्हणतील, "आता कसलं ध्येय?" त्यांना बढतीची स्वप्नं दाखवू नकोस. कुणाला रात्रपाळी झेपत नसेल, कुणाला हातातली कला नव्या पोराला द्यायची असेल. तेही ध्येयच आहे, तसंच लिही. आणि एखादा म्हणाला की दुसऱ्या कंपनीत जायचंय, तर चेहरा पाडू नकोस. तिथे काय मिळणार आहे ते शांतपणे विचार. निम्म्या वेळा ते आपल्याकडेच देता येण्यासारखं असतं.

नंतर दर महिन्याला दहा मिनिटं, केबिनमध्ये नाही, त्याच्या मशीनपाशी.

सुरुवात ज्याच्याशी तुझं जमतं त्याच्यापासून कर. दोन-तीन बोलणी झाली की फोन कर. प्लॅनिंगवाल्यांकडून मशीनचे तास कसे सोडवून घ्यायचे, ते तेव्हा सविस्तर बोलू.

तुझा,
काका