बेळगाव भागातल्या हृदयरुग्णांचा आहार मोजायला पुण्याची छापील प्रश्नावली चालेल का?

जशीच्या तशी नाही चालणार. त्यापेक्षा आदल्या चोवीस तासांत काय खाल्लं ते पेशंटच्याच शब्दांत, त्याच्याच घरच्या वाटी-चमच्यानं मोजून, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी लिहून घ्या. निपाणी-चिकोडीकडे हे काम केलंय म्हणून सांगतो. यादीत विचारतात "पोळ्या किती?", आणि समोरचा खातो जोंधळ्याची भाकरी. कन्नड बोलणारा 'रोट्टी' म्हणाला तर मऊ की कडक, तेही विचारा. वजनात फरक पडतो. "शेंगाची चटणी जरा लावून घेतली" यातला 'जरा' चमच्यानं काढून दाखवायला सांगा, बऱ्याचदा दोन चमचे भरतो. मीठ, तेल स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारा, पेशंटला त्यातलं काही ठाऊक नसतं. तेलाला सोपं गणित: महिन्याला घरात येणारं तेल भागिले जेवणारी माणसं. याशिवाय

- जैन घरी चातुर्मास, मुसलमान घरी रमजान चालू आहे का, ते टिपा
- कुंदा, करदंट या इकडच्या मिठाया वेगळ्या विचारा. 'खाणं' म्हणून कुणी त्या मोजत नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटकांचे तक्ते (कशात किती पोषण ते सांगणारे) मुख्यतः कच्च्या पदार्थांचे आहेत, म्हणून पाककृतीही लिहून घ्या. मात्र मिठाचा आकडा (जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी) अशा विचारपुशीतून कमीच येतो; त्याला चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम तपासणंच खरं, आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर तोही आकडा डॉक्टरांना विचारूनच धरा.