फोटो कमी लावा, चटया जास्त टाका

वाचक विचारतात: गल्लीतलं संग्रहालय

पुराच्या फोटोंचं आणि चित्रांचं दालन पेठेत, गावात, शाळेत उभं करू पाहणाऱ्यांची पत्रं कोल्हापूर आणि आसपासहून आली आहेत. लोकांनी नुसतं बघून जाऊ नये, बोलावं, अशी सगळ्यांचीच इच्छा दिसते. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्या तालमीची वरची खोली रिकामी आहे, २० बाय १५ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांचे मिळून चारशेवर फोटो जमलेत. पोरं म्हणतात सगळे लावू. मावतील का? (शुक्रवार पेठ)

मावतील, पण लावू नका. चारी भिंती मिळून ७० फूट होतात. दार, खिडक्या, कपाट आणि मीटरची पेटी वजा केली की हातात ४५ फूट उरतात. १२ बाय १८ इंचाच्या एका फोटोला आजूबाजूची मोकळी जागा धरून २ फूट द्या, म्हणजे २२ फोटो बसतात. तेवढे बास. चारशे फोटो लावले की माणूस त्यात आपलं घर हुडकतो, सापडलं की मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि खाली उतरतो. मग बोलायचं कुणाशी?

उरलेल्या फोटोंच्या ४ बाय ६ इंचाच्या प्रती काढून खोलीच्या मधोमध टेबलावर उघड्या डब्यात ठेवा. भिंतीवरच्या फोटोसमोर माणूस हात मागे बांधून उभा राहतो. हातात घेता येणारा फोटो मात्र तो शेजारच्याला दाखवतो. बोलणं सुरू होतं ते त्या टेबलापाशी.

फोटोचा मध्य जमिनीपासून ४ फूट १० इंचांवर ठेवा. शाळेची मुलं आणि बसून बघणारी वयस्क मंडळी जास्त येणार असतील तर ४ फूट ४ इंच. आपल्याकडे फोटो दाराच्या चौकटीवर, देवादिकांच्या रांगेत टांगायची सवय आहे. तिथला फोटो बघताना मान दुखते आणि मजकूर तर कुणीच वाचत नाही. मजकूर किमान २४ पॉइंटात छापा.

मजकुराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण निम्मी दालनं तिथेच गार पडतात. ‘महापुराचे विदारक दृश्य’ असं लिहिलं की बघणाऱ्याला सांगण्यासारखं काही उरत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘जामदार क्लबकडून गंगावेशीकडे तोंड करून. ऑगस्ट २०१९. फोटो कुणी काढला, माहीत नाही. बोटीत उभ्या आजी कोण?’ खाली दोन कोऱ्या ओळी सोडा आणि शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. पेन नको, पेनाने लोक फोटोवरच बाण काढतात. कोऱ्या ओळी भरल्या की तो कागद काढून फाईलला लावा, नवा चिकटवा. वर्षभरात ती फाईल फोटोंपेक्षा मोलाची होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो फ्लेक्सवाल्याकडून दोन बाय तीन फुटांचे करून घेतले. सगळे फुटले. दोष कुणाचा? (कसबा बावडा)

फ्लेक्सवाल्याचा नाही. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. जवळून बघायच्या फोटोला इंचाला २०० पिक्सेल लागतात, म्हणजे त्यातून ८ इंचांपलीकडे चांगली प्रत निघत नाही. मूळ फोटो ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याला गाठा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ गेलाच असेल तर ६ बाय ८ इंचाची प्रत काढून रुंद पांढऱ्या पुठ्ठ्यावर मधोमध लावा. छोटा फोटो बघायला माणूस जवळ येतो, हे काही वाईट नाही.

कागदी फोटो सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० ठेवा. ४ बाय ६ चा रंगीत फोटो ६०० ला टिफ या न दाबलेल्या स्वरूपात सुमारे २६ एमबी होतो, म्हणजे चारशे फोटोंना १० जीबीच्या आसपास जागा. दोन वेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्क ठेवा, त्यातली एक वरच्या मजल्यावर. कारण सांगायला नको. मूळ फोटो आठवड्यात परत करा आणि घेताना पावती द्या. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने नंबर घालू नका, पुढून उमटतो. नंबर पाकिटावर घाला.

२०१९ ला भिजलेला लग्नाचा अल्बम तसाच ठेवलाय. पानं चिकटलीत. सोडवता येतील का? आणि पुन्हा पाणी आलं तर काय करायचं? (शिरोळ तालुका)

आधी वाळून चिकटलेल्या अल्बमबद्दल. ओढू नका. फोटोचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. पाण्यात तो फुगतो, वाळताना समोर जे असेल त्याला घट्ट धरतो. ओढलं की चित्र समोरच्या पानावर जातं आणि हातात कोरा कागद राहतो. पहिलं काम म्हणजे जेवढी पानं उघडतात तेवढ्यांचे, आहेत तशा अवस्थेत, दिवसाउजेडी फोटो काढून घ्या. मग ज्याचं दुःख होणार नाही असा एक फोटो निवडून गार पाण्यात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. आपोआप सुटत असेल आणि पाण्यात रंग येत नसेल तरच पुढचे घ्या. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भानगडीत पडू नका, काचेसकट त्याचा फोटो काढा. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेली प्रत पाण्यात अजिबात घालू नका, तिची शाई पसरते.

आता ताजा भिजलेला अल्बम. तो वाळू द्यायचा नाही, हीच मुख्य गोष्ट. सुटे होणारे फोटो अल्बममधून काढा आणि हातमोजे घालून, कडेला धरून तीन टबांमधून फिरवा. तिन्हींत स्वच्छ गार पाणी, आणि पहिल्यातलं गढूळ झालं की बदलायचं. गाळ बोटाने चोळू नका, त्यात वाळू असते. नंतर कोऱ्या कागदावर चित्र वर करून, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवा. वर्तमानपत्राची शाई फोटोला लागते. उन्हात फोटोची सुरळी होते. इस्त्री आणि हेअर ड्रायर लांब ठेवा. हे सगळं ४८ तासांत उरकत नसेल, आणि पुरात ते उरकत नाहीच, तर दोन फोटोंमध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. पाण्याबाहेरच्या नातेवाइकाचा फ्रीज चालेल. गोठलेले फोटो महिन्यांनी काढून, सावकाश वितळू देऊन सोडवता येतात.

एक विनंती. पुराने खाल्लेला फोटो संगणकावर साफसूफ करून लावू नका. स्टुडिओत धुतलेल्या रंगीत फोटोत रंगांचे तीन थर असतात: वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. पाणी वरून खात जातं. म्हणून नवरानवरीचे चेहरे शाबूत असतात, त्यांच्याभोवती लालभडक पट्टा, त्यापुढे पिवळा आणि कडेला कोरा पांढरा. पाणी कुठून शिरलं आणि किती वेळ राहिलं, हे त्या कडेवर वाचता येतं. असा एक तरी फोटो मोठा करून लावा. त्याच्यासमोर कुणी गप्प राहत नाही.

सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डावर) फोटो चिकटवून डबल टेपने भिंतीला लावले. जुलैत निम्मे खाली, उरलेले पापडासारखे वाकडे. (मंगळवार पेठ)

टेप सुटली नाही, भिंत सुटली. डिस्टेंपर किंवा चुन्याची भुकटी टेपबरोबर निघून येते. भिंतीला काही चिकटवूच नका. छताखाली दोन बोल्टमध्ये जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ताणा. दोन बोल्टमधलं अंतर १० फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मध्ये झोल पडतो. ताण द्यायला एका टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू) घाला, उद्यमनगरात मिळेल. तारेवरून तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) सोडून फोटो टांगा आणि प्रत्येकाच्या मागे एक इंच जाडीची लाकडी पट्टी लावा, म्हणजे मागून हवा खेळते. वाकण्याचं कारण वेगळं आहे. बोर्डाच्या एकाच बाजूला व्हिनाइल (फोटो छापतात तो प्लास्टिकचा चिकट कागद) असलं की दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत. पाठीलाही तेच व्हिनाइल लावून घ्या. पुढची बाजू मॅट हवी, चकचकीत केली तर फोटोत ट्यूबलाइट दिसते.

ज्या भिंतीला खालून ओल चढते तिथे मूळ फोटो किंवा कागदावरचं चित्र ठेवू नका. मूळ लावायचंच असेल तर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवा, खिडकीला पडदा लावा आणि तीन महिन्यांनी बदला. प्रतींना एवढं सोवळं नको.

लोक येतात, ‘छान’ म्हणतात, अभिप्राय वहीत ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून जातात. बोलतं कसं करायचं? (राजारामपुरी, शिक्षिका)

अभिप्राय वही आधी उचला. ती शिष्टाचार लिहायचीच जागा आहे.

मग एका फोटोसमोर चटया टाका. आठ ते बारा माणसं, पाऊण तास, एकच फोटो, फार तर दोन. चालवणाऱ्याने तीनच प्रश्न विचारायचे: या फोटोत काय चाललंय? कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? संग्रहालयांत मुलांना चित्र बघायला शिकवताना ही पद्धत जगभर वापरतात. दुसरा प्रश्न सोडू नका. ‘लोक घाबरलेत’ असं कुणी म्हणालं आणि तुम्ही ‘कशावरून?’ विचारलंत की तो पुन्हा फोटोकडे बघतो: ‘म्हातारीनं गॅसची शेगडी पोटाशी धरलीय, पण पायात चप्पल न्हाई.’ इथून पुढे तुम्ही गप्प. पहिल्या प्रश्नानंतर अर्धा मिनिट शांतता पडते. ती भरून काढायला शिक्षक घाईने माहिती सांगू लागतात आणि गट हातचा जातो. मनात तीसपर्यंत मोजा.

जमलं तर पुढचे फोटो लोकांकडूनच काढून घ्या. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे देऊन, त्यांनीच काढलेल्या फोटोंवर त्यांना बोलतं करण्याचा प्रयोग झाला. तो ‘फोटोव्हॉइस’ नावाने पुढे पुष्कळ ठिकाणी गेला. तुम्हाला कॅमेरे वाटावे लागणार नाहीत, मोबाइल आहेतच. विषय मात्र नेमका द्या. ‘पूर’ असा दिला तर सगळे पंचगंगेच्या घाटावर जातील. ‘पाण्यानंतर घरातली जागा बदललेली वस्तू’ असा द्या. माळ्यावर चढलेली पिठाची गिरणी, खिडकीएवढ्या उंचीवर गेलेला विजेचा बोर्ड असे फोटो येतात.

दळवीज आणि कलानिकेतन या कलासंस्थांमधल्या मुलांकडून पुराची चित्रंही काढून घ्यावीत का? की फोटो असताना चित्रांची गरज नाही? (कलाविद्यार्थी)

गरज आहे, पण फोटोवरून काढलेल्या चित्रांची नाही. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर हे चित्रकार ज्या शहरातले, तिथे हात चांगला असलेल्यांची वानवा नाही, त्यामुळे हा मोह होतोच. फोटो जिथे नाही तिथे चित्र लावा. लाइट गेलेली रात्र, माडीवर अडकलेल्या बायकांची शौचाची अडचण, दावणीतून सोडलेली म्हैस. विद्यार्थ्याने तो प्रसंग बघितलेल्या माणसाशेजारी बसून काढावं, आणि त्या माणसाने ‘दार डाव्या हाताला होतं’ म्हटलं की खोडावं. खोडलेल्या रेषा दिसू द्या.

दुसरं म्हणजे ८ बाय ४ फुटांच्या एका प्लायवर पेठेचा नकाशा काढा, बोळांसकट. पाणी कुठवर आलं तिथे लोक त्यावर टाचण्या लावतील: २००५ ला निळी, २०१९ ला पिवळी, २०२१ ला लाल. शेजारच्या भिंतीवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, एवढं लिहा. ‘बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की आमच्या उंबऱ्याला लागतं’ हे गणित प्रत्येक बोळाचं वेगळं असतं आणि ते म्हाताऱ्यांना पाठ असतं. ते कागदावर घ्या.

पहिल्याच बैठकीत भराव, पूररेषा आणि अलमट्टी धरणावरून हमरीतुमरी झाली. बंद करावं का? (करवीर तालुका)

बंद कशाला? दालन चाललं म्हणायचं. पण पद्धत बदला. पहिली वीस मिनिटं फक्त फोटोत जे दिसतं तेच बोलायचं. कारणं आणि दोष नंतर. वादाचे शब्द भिंतीवर सोप्या भाषेत लावून ठेवा: निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निम्मी भांडणं हे दोन रंग एकमेकांत मिसळल्याने होतात. धरणाच्या प्रश्नाचा निकाल तुमच्या खोलीत लागणार नाही. ते म्हणणं ‘यावर जाणकाराला बोलवायचं’ अशा वेगळ्या कागदावर सगळ्यांसमोर लिहून घ्या आणि खरंच बोलवा. चालवणारा पुढारी नको, तालमीचा अध्यक्षही नको. ज्याच्या घरात पाणी आलं नव्हतं असा माणूस तर नकोच.

रडणाऱ्या बाईचा फोटो फार बोलका आहे. लावावा का? परवानगी कुणाची? (इचलकरंजी)

आधी बाईंची. फोटो छापून त्यांच्या घरी न्या, कुठे आणि किती मोठा लागणार ते दाखवा, आणि ‘नको’ म्हणाल्या तर विषय संपला. दालन सुरू झाल्यावर त्यांनी मन बदललं तर त्याच दिवशी उतरवा. तसं संमतीपत्रावर लिहूनच द्या. मालकीहक्क वेगळा. साधारणपणे तो फोटो काढणाऱ्याचा असतो. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. वर्तमानपत्रातल्या फोटोला लेखी परवानगी घ्या, कात्रण स्कॅन करून लावू नका.

उद्घाटनाला काय काय लागेल? (शुक्रवार पेठ, तेच)

फीत आणि कात्री. समई लावायची असेल तर जिन्याखाली लावा, तेलाचा धूर मॅट व्हिनाइलवर बसतो आणि पुसताना डाग पसरतो. हार तारेवर टांगू नका. पाहुण्यांना भाषणाआधी टेबलावरचा डबा चाळायला बसवा.