मिस्साविधीतील (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेतील) बदल खटकले, तर प्रापंचिकांना (धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांना) तक्रार करता येते का?

होय, तो अधिकार चर्चनेच दिला आहे; मात्र बदल कोणी केला, हे आधी पाहावे. लोकभाषेतील प्रार्थना किंवा १९७० चा मिस्साग्रंथ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरातील बिशपांच्या सभेनंतर) पोपच्या अधिकाराने आला, त्यामुळे त्याबद्दल स्थानिक धर्मगुरूंना दोष देणे योग्य नाही. याउलट, धर्मगुरू युखरिस्त प्रार्थनेचे (भाकर व द्राक्षारसावर म्हटल्या जाणाऱ्या मिस्सातील मध्यवर्ती प्रार्थनेचे) शब्द स्वतःच्या मनाने बदलत असतील, तर परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने त्याला स्पष्ट मनाई केली आहे. केवळ गुडघे टेकले म्हणून एखाद्याला कम्युनियन (मिस्सात दिला जाणारा पवित्र भाकरीचा प्रसाद) नाकारणे हेही ‘रिडेम्प्शनिस सॅक्रामेंटम’ या व्हॅटिकनच्या २००४ च्या निर्देशपत्रानुसार चुकीचे आहे, आणि अशा वेळी भाविकाला होणारे दुःख मला अगदी रास्त वाटते. प्रथम धर्मगुरूंशी एकांतात, आदराने बोलावे. तेवढ्याने न भागल्यास तारीख, वेळ आणि वेदीवर उच्चारलेले नेमके शब्द नमूद करून बिशपांना लिहावे. ऐकीव गोष्टी त्यात घालू नयेत. त्याच निर्देशपत्रानुसार व्हॅटिकनकडेही दाद मागता येते. जुन्या लॅटिन मिस्साविधीचा प्रश्न वेगळा आहे. २०२१ पासून त्यासाठी बिशपांची परवानगी आवश्यक आहे.