पार्टिशनच्या स्क्रूला झिणझिण्या

प्रश्न : आप्पा, धुळ्याला देवपुरात माझा शिकवणीचा क्लास आहे. हॉलच्या मधोमध जीआय स्टडवर (पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर) जिप्सम बोर्ड मारून पार्टिशन केलं. नंतर त्यावर पुस्तकांची फळी लावली. आता फळीच्या दोनच स्क्रूंना हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतात, टेस्टर मंद लागतो, सांगाड्याला अर्थिंगची वायर जोडली की झालं. जोडू का?

उत्तर : ताई, आधी त्या भिंतीतल्या सर्किटचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि तसाच राहू द्या. तिथे मुलं बसतात.

टेस्टर मंद लागतो म्हणून धोका कमी, हे मला मुळीच मान्य नाही. तारेजवळच्या पत्र्यात नुसत्या प्रभावाने आलेल्या व्होल्टेजवरही तो लागतो आणि खऱ्या गळतीवरही.

माझा संशय फळीवर आहे. बोर्ड १२.५ मिलिमीटरचा, त्याला २५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. फळीला लोक दोन इंची मारतात, तो आतल्या वायरपर्यंत जातो. वायर पाइपाशिवाय स्टडच्या भोकांतून ओढली असेल, तर पत्र्याची धारही तिला सोलते. आता दोनच स्क्रू का? उभे स्टड बरेचदा वरच्या-खालच्या चॅनलमध्ये नुसते अडकवलेले असतात. एकात करंट उतरतो, शेजारचा कोरा राहतो. त्यामुळे एका ठिकाणी वायर जोडून सगळा सांगाडा अर्थ झाला, असं धरू नका.

आणि नुसत्या अर्थिंगने भागतही नाही. तुमची भिस्त आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर असेल आणि त्याचा रोध २० ओहम असेल, तर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडत नाही, सांगाड्यात करंट तसाच राहतो. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, तेव्हा रोध आणखी चढतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

फळी काढा. उपकरणं आणि दिवे सोडवून वायर ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर वायर बदला, ती पाइपातून न्या, भोकांना रबरी ग्रोमेट (कडी) लावा. मग स्विचबोर्डाच्या लोखंडी पेटीला हिरवी अर्थची वायर थेट डीबीपासून (एमसीबी असलेल्या मुख्य पेटीपासून) आणा, स्टड चॅनलला स्क्रूने पक्के करा आणि सांगाडा त्याच अर्थला जोडा. पत्र्याचा कूलर हाताच्या अंतरावर असेल तर त्याची बॉडीही त्याच अर्थला हवी. पोराचा एक हात कूलरवर, दुसरा फळीवर असतो.

आरसीसीबी बसला की टेस्टचं बटण दाबून पाहा. लगेच पडला नाही, तर तो बदलून घ्या.